सपाट भिंगाचे कूळ

काचेचे भिंग प्रकाश वळवते ते जाडीच्या जोरावर. जिथे काच जास्त, तिथे लहर रेंगाळते आणि तिची कला मागे पडते. मेटासर्फेसला या जाडीची गरज उरत नाही. तरंगलांबीहूनही कमी अंतरावर रचलेल्या सूक्ष्म खांबांचा एक थर शलाका वाकवतो, एकवटतो, तिला पीळही घालतो. या तंत्राचा जन्म सहसा २०११चा सांगतात. त्या वर्षी हार्वर्डमध्ये नानफांग यू, फेडेरिको कपासो आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉनवर ‘व्ही’ आकाराचे सोन्याचे अँटेना रचून अवरक्त प्रकाश अपवर्तनाच्या रूढ नियमाबाहेर वळवला आणि पीळदार शलाकाही निर्माण केली. ते यश मोठेच. पण या कुळाचे सर्वांत खोल मूळ मला १९५६च्या बंगळूरमध्ये दिसते.

तेव्हा रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्णन पंचरत्नम हे २२ वर्षांचे संशोधक स्फटिकांतील व्यतिकरणाचा अभ्यास करत होते. प्रकाशाचे ध्रुवण टप्प्याटप्प्याने बदलत मूळ स्थितीला आणले, तरी कला मूळ जागी येतेच असे नाही, असे त्यांच्या मांडणीतून निघते. उरणारा फरक कापलेल्या अंतरावर अवलंबून नसतो. ध्रुवणाच्या स्थिती दाखवणाऱ्या एकक गोलावर त्या फेरीने वेढलेल्या क्षेत्रफळाच्या तो निम्मा असतो. मायकेल बेरी यांनी १९८४मध्ये पुंजभौतिकीत अशीच भूमितीय कला मांडली. तिचे पंचरत्नम यांच्या कामाशी असलेले नाते रामशेषन आणि नित्यानंद यांनी दाखवून दिले, आणि बेरींनी ते १९८७मध्ये मोकळेपणाने मान्य केले. या तत्त्वाचा व्यवहारातला अर्थ सोपा आहे. वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाच्या वाटेतला चपटा खांब जितक्या अंशांनी फिरवावा, त्याच्या दुप्पट अंशांनी, ध्रुवणाची दिशा उलटून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची कला सरकते. उंची तीच, पदार्थ तोच; अर्ध्या वळशात कलेचे पूर्ण चक्र हाती येते. मध्याभोवती हा कोन क्रमाने वाढवत नेला, की तरंगाघाडी मळसूत्री जिन्यासारखी फिरते आणि शलाकेच्या गाभ्यात अंधार राहतो.

यावर आक्षेप येईल, की पंचरत्नम यांच्यापुढे स्फटिक होते, सपाट भिंग नव्हे. खरे आहे. कल्पनेपासून वस्तूपर्यंतचे अंतर इस्राएलच्या टेक्नियन संस्थेतील एरेझ हॅसमन यांच्या गटाने २००२च्या सुमारास कापले. तरंगलांबीहून बारीक खाचांची दिशा जागोजाग बदलून त्यांनी अवरक्त शलाका घडवल्या, आणि त्या घटकांना पंचरत्नम-बेरी हेच नाव दिले. म्हणजे हे नाते मागाहून जोडलेले नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: २०११चे अँटेना मुख्यतः अनुस्पंदनावर चालतात, आणि पुढे खांबांची रुंदी बदलूनही कला साधली गेली. म्हणून या कुळाला एकाहून अधिक शाखा आहेत, हे मानायलाच हवे. पण दृश्य प्रकाशासाठी कपासो यांच्याच गटाने २०१६मध्ये केलेले गाजलेले भिंग पाहा: टायटॅनियम डायऑक्साइडचे ६०० नॅनोमीटर उंचीचे चपटे खांब, आणि कलेचे सगळे नियंत्रण त्यांच्या कोनात. तिथे बंगळूरचे तत्त्वच काम करते.

वस्तू ज्या प्रयोगशाळेत घडली तिथूनच वंश मोजला, तर उपयोगाचा विचार न करता केलेले मूलभूत संशोधन हिशेबातून गळते. पंचरत्नम १९६९मध्ये अवघ्या ३५व्या वर्षी गेले. हे भिंग त्यांना पाहता आले नाही. तरीही मेटासर्फेसचा धडा शिकवताना सुरुवात १९५६पासून व्हावी, कारण कोनातून कला कशी मिळते हे विद्यार्थ्याला तिथेच कळते.