उंचीला दिलेले श्रेय

'सिंगल ओरिजिन, वॉश्ड' कॉफीच्या पाकिटावर बागेची समुद्रसपाटीपासूनची उंची ठळकपणे छापलेली असते. त्यावरून एक मत रूढ झाले आहे: चव डोंगर देतो, माणसे ती फक्त तोडून आणतात. मेळघाटातल्या चिखलदऱ्याबद्दलही हेच ऐकू येते. सुमारे अकराशे मीटर उंची आहे, गारवा आहे, जुनी कॉफीची झाडे आहेत. मग नामवंत कॉफी व्हायला काय हरकत? हा युक्तिवाद टिकणारा नाही.

उंचीचे महत्त्व मी नाकारत नाही. गार हवेत अरेबिका जातीच्या कॉफीचे फळ सावकाश पिकते, बी घट्ट होते, चवीतला आंबट-गोडपणा खुलतो. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरच्या चेणे गावात, खाडीलगत, उत्तम अरेबिका पिकवू असे कोणी म्हणणार नाही. पण उंची पुरेशी असती, तर आंध्रातले अराकू आणि आपला चिखलदरा यांचे नशीब इतके वेगळे झाले नसते. अराकूतल्या बऱ्याच बागा नऊशे ते अकराशे मीटरवरच आहेत. तिथल्या अरेबिकाला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधी २०१७ मध्ये पॅरिसमध्ये अराकूच्या नावाचे दुकान उघडले होते. चिखलदऱ्याची कॉफी मात्र पर्यटकांच्या कुतूहलापलीकडे फारशी गेली नाही.

यावर कोणी म्हणेल, फरक हवामानाचा आहे. फुलोऱ्यासाठी मार्च-एप्रिलमध्ये लागणाऱ्या सरींचा मेळघाटात भरवसा नाही. आक्षेप रास्त आहे. पण पीक किती येईल एवढेच त्यातून कळते. आलेल्या फळाचे पुढे काय होते, हा प्रश्न उरतोच.

त्या प्रश्नाचे उत्तर बाजारच देतो. आपल्याकडच्या व्यापारात धुतलेल्या, म्हणजे 'वॉश्ड', अरेबिकाला 'प्लँटेशन' म्हणतात आणि फळासकट वाळवलेलीला 'चेरी'. दोन्ही एकाच झाडाच्या असू शकतात. डोंगर तोच, उंची तीच. चव वेगळी आणि भावही वेगळा. हा फरक माणसांच्या हातून घडतो.

धुतलेल्या कॉफीसाठी फक्त लाल फळे वेचावी लागतात, आणि ती एकदम पिकत नसल्याने त्याच झाडाकडे तीन-चार वेळा परतावे लागते. तोडलेले फळ त्याच दिवशी साल काढणाऱ्या यंत्रातून, म्हणजे पल्परमधून, काढायचे, बियांवरचा बुळबुळीत गर सुमारे एक ते दीड दिवस आंबवून सोडवायचा, स्वच्छ पाण्याने धुवायचे, मग ओलावा दहा-अकरा टक्क्यांवर येईपर्यंत उलथापालथ करत वाळवायचे. आंबवणे लांबले, तर सगळ्या टाकीला वास लागतो.

एक-दोन एकरांच्या आदिवासी कुटुंबाला हे एकट्याने जमत नाही. पल्पर परवडत नाही, टाकी भरत नाही. रोख पैशाची निकड असली की कच्ची-पक्की फळे एकत्र ओरबाडून व्यापाऱ्याला दिली जातात. अराकूत ही अडचण आदिवासी शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने आणि नांदी फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेच्या कामाने हलकी केली: फळे एकत्र गोळा करायची, एकाच ठिकाणी प्रक्रिया करायची, चांगल्या फळाला चांगला भाव द्यायचा. शेकडो घरांची फळे एकाच टाकीत पडतात, तेव्हा एका घराची हिरवी फळे सगळ्यांचा माल बिघडवतात. म्हणून त्या कॉफीच्या चवीत परस्परांवरचा विश्वासही मोजावा लागतो.

मेळघाटच्या कोरकू आदिवासींना हे जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी अमरावती जिल्ह्यातले पायविहीर पाहावे. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर त्या गावाने सीताफळांची प्रतवारी करून ती शहरांतल्या बाजारापर्यंत पोचवली. अंगी शिस्त होती. हक्क आणि भाव मिळताच ती कामाला आली.

म्हणून चिखलदऱ्याच्या कॉफीचा विचार करणाऱ्यांनी रोपे वाटण्याआधी तीन गोष्टी ठरवाव्यात: लाल फळाचा भाव, पल्पर आणि टाकीची गावाच्या हाती असलेली मालकी, आणि फळे धुतल्यावरचे सांडपाणी ओढ्यात न सोडता जिरवण्याची सोय. यांतले काहीच न ठरवता उंचीचे गोडवे गाणे म्हणजे कष्टकऱ्याचे श्रेय आणि त्याबरोबर त्याचा मोबदलाही डोंगराच्या नावावर चढवणे आहे.