इनामगावच्या कबरी

दफन ही या मातीतली रीत नव्हे, ती बाहेरून आली, असे अधूनमधून कानावर येते. कब्रस्तानाच्या जागेचा प्रश्न निघाला की हमखास येते. अशा वेळी हुज्जत घालण्यापेक्षा घोड नदीकाठचे इनामगाव दाखवावे, असे आम्हांस वाटते.

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यातल्या या गावी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. त्याच्या अहवालावर ढवळीकर आणि सांकळिया यांच्याबरोबर झेड. डी. अन्सारी यांचे नाव आहे. उर्दू शाळेतल्या मुलांना हे नाव आम्ही मुद्दाम सांगतो.

इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळात येथे शेतकऱ्यांची वस्ती होती. मूल दगावले की दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवत, त्यांत मूल, आणि हे सारे घराच्याच जमिनीखाली. आईच्या पायाखाली, म्हणा ना! मोठ्या माणसाला उताणे, डोके उत्तरेकडे करून पुरत. पण घोट्याखालची पावले तोडून. मेलेला चालत निघून जाऊ नये म्हणून, असा अभ्यासकांचा तर्क आहे. एक पुरुष मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला सापडला. त्याची पावले शाबूत होती. मानाचा माणूस असावा.

आपल्याकडेही मय्यतचे डोके उत्तरेला असते, पण ते चेहरा किब्ल्याकडे व्हावा म्हणून. एवढ्यावरून नाते जोडू नये. मय्यतचे हाड मोडणे आपल्याकडे गुनाह. तेथे पावले तोडणे हाच रिवाज होता. इस्लाम यायला अजून हजारभर वर्षांहून अधिक अवकाश होता. सिद्ध होते ते इतकेच की, या जमिनीने माणसे पोटात घेतली ती फार पूर्वीपासून.

विदर्भात तर कबरी उघड्यावर दिसतात. नागपूरजवळ जुनापाणीला मोठमोठ्या धोंड्यांची सुमारे ३०० वर्तुळे आहेत. आत माती-गोट्यांचा भराव, त्याखाली थोडी हाडे, मडकी, लोखंडी हत्यारे. माहुरझरीला घोडेही पुरलेले मिळाले, तांब्याच्या मुखभूषणांसह. जुनापाणीची काही वर्तुळे रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने खणली आणि १८७९ मध्ये त्यांवर लिहिले. त्याने जमवलेल्या वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. धोंडे इथेच राहिले.