मोगरा गेला, चाफा आला

दिवाळीच्या अंकात वसंतातल्या फुलांविषयी लिहायचे म्हणजे फराळाच्या ताटात पुरणपोळी वाढण्यासारखे आहे. पण वाचकहो, याला आपल्या दारावरचे तोरणच कारण झाले. ज्या झेंडूचे तोरण आपण लावतो, तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. मौज अशी की, त्या देशातही नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत लोक आपल्या गेलेल्या माणसांसाठी याच झेंडूच्या राशी मांडतात. पितरांना घरची वाट सापडावी म्हणून पाकळ्या पसरतात. तोरणातला हा पाहुणा पाहिला, आणि चैत्रात आमचे अंगण ज्या दोन झाडांनी भरून जाते, त्यांचीही कुळकथा सांगावी असे मनात आले.

आमचे घर दक्षिण कोकणात. तांबडी माती, तुळशीवृंदावन, गडग्याच्या एका अंगाला मोगऱ्याची चार झुडपे आणि दुसऱ्या अंगाला जुना खुरचाफा. माघात या दोघांकडे पाहवत नाही. मोगऱ्याला आम्ही मुद्दाम ताण देतो. पाणी तोडतो, फांद्या छाटतो, पाने खुडून टाकतो. चाफा तर आपण होऊनच उघडाबोडका होतो; जाड, राखी रंगाच्या फांद्या नुसत्या शिंगांसारख्या उभ्या. पण शिमगा सरला, मोगऱ्याला पाणी सुरू झाले, की पंधरा-वीस दिवसांत शेंड्याशेंड्याला कळ्या दिसू लागतात. संध्याकाळी परडी घेऊन बसावे आणि उमलण्याच्या बेतात असलेली कळी तेवढी खुडावी. चाफा पानांचीही वाट पाहत नाही. उघड्या फांदीच्या टोकाला एकदम पांढरा गुच्छ, आणि प्रत्येक फुलाच्या पोटात हळदीचे बोट! त्या दिवसांत आमची शाळा सकाळची असते. तिन्हीसांजेपासून अंगणात दोन्ही वासांची गाठ पडलेली असते, आणि पहाटे दार उघडावे तो पायरीपर्यंत चाफ्याचा सडा.

या दोहोंपैकी परका कोण, असे विचारले तर पुष्कळांना उत्तर देता येणार नाही. मोगरा आपला, त्याची साक्ष ज्ञानेश्वरांच्या नावावर असलेल्या अभंगातच आहे. खुरचाफ्याची गोष्ट निराळी. संस्कृत काव्यांतला चंपक म्हणजे सोनचाफा. खुरचाफ्याचे माहेर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. कोलंबस १४९२ साली तिकडच्या बेटांना लागला, त्यापूर्वी हे झाड हिंदुस्थानच्या भूमीवर असणे शक्य नाही. म्हणूनच देवगिरीच्या यादवांच्या एखाद्या चित्रात राणीच्या अंबाड्यात खुरचाफा दिसला, की माझ्यातला कादंबरीकार गप्प बसतो आणि मास्तर छडी शोधू लागतो.

मेक्सिकोतल्या अॅझ्टेक लोकांच्या भाषेत या फुलाला ‘काकालोशोचित्ल’ म्हणत. काकालोत्ल म्हणजे कावळा आणि शोचित्ल म्हणजे फूल. मार्तीन दे ला क्रूझ नावाच्या तिकडच्या वैद्याने १५५२ साली औषधी वनस्पतींची सचित्र पोथी केली, तीत हे नाव आहे. पुढे १५६५ पासून १८१५ पर्यंत अडीचशे वर्षे स्पॅनिश गलबते मेक्सिकोच्या अकापुल्को बंदरातून पॅसिफिक महासागर ओलांडून फिलिपाइन्समधल्या मनिलाला येत राहिली. मनिलात खुरचाफ्याला आजही ‘कालाचुची’ म्हणतात. त्या लांबलचक अॅझ्टेक शब्दाचेच हे झिजलेले रूप. इकडे पोर्तुगीज १५१० पासून गोव्यात ठाण मांडून बसलेच होते. समुद्राचे रस्ते एकमेकांना मिळाले, तशी झाडेही मिळाली.

एवढ्या लांबच्या प्रवासात झाड जगले कसे, याचे उत्तर माझ्या अंगणात मिळते. चाफ्याची फांदी मोडा. पांढरा चीक वाहील आणि सुकेल. मग ती पडवीच्या कोपऱ्यात टाकून विसरून जा. महिन्यानंतर मातीत खोचली, तरी फुटते. गलबताच्या पोटात मिठाच्या वाऱ्यात पडून राहायला याहून सोशीक प्रवासी कोणता? शिवाय या फुलात मध नाही. नुसत्या वासाने ते रात्रीच्या पतंगांना भुलवते आणि रिकामे परत पाठवते. आपल्याकडे त्याला शेंग क्वचितच धरते. तेव्हा गावोगाव जो चाफा दिसतो, तो बहुतेक कुणी तरी कुणाला दिलेल्या काठीपासूनच वाढलेला.

त्याला शास्त्रीय नाव मिळाले प्लूमेरिया, ते चार्ल्स प्लूमिए या फ्रेंच धर्मसाधूवरून. चौदाव्या लुईने त्याला वनस्पती शोधायला वेस्ट इंडीजकडे पाठविले होते. मला मात्र आपल्या नावाचे कौतुक अधिक वाटते. आपल्या बायकांनी हे फूल पाहिले आणि जुन्या ओळखीतले नाव देऊन त्याला घरात घेतले: चाफा. कोणी देवचाफा म्हटले, कोणी खैरचाफा. तिकडे लाओस देशातही त्याला ‘दोक चंपा’ म्हणतात आणि ते त्यांचे राष्ट्रीय फूल आहे. निकाराग्वाचेही राष्ट्रीय फूल हेच!

आता मोगऱ्याचे ऐका. चाफा इकडे आला, तसा मोगरा तिकडे गेला. पोर्तुगीजांच्या तोंडी तो ‘मोगोरीं’ झाला आणि इटलीत ‘मुगेरीनो’. सतराव्या शतकाच्या अखेरीस गोव्याचा दुहेरी, भरगच्च मोगरा टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याच्या बागेत पोचला. ड्यूकने त्याची डहाळी कोणालाही द्यायची नाही असा हुकूम काढला, आणि एका माळ्याने आपल्या वाग्दत्त वधूला एक फांदी चोरून दिली, अशी कथा तिकडे सांगतात. कथा फारच बेतलेली वाटते. कादंबरीकाराला दुसऱ्या कादंबरीकाराचा वास लगेच येतो. पण भरगच्च मोगऱ्याला जगभरचे बागवान आजही ‘टस्कनीचा ग्रँड ड्यूक’ म्हणतात, हे खरे. फिलिपाइन्सने तर १९३४ साली मोगऱ्याला राष्ट्रीय फूल केले.

हे सारे मी वर्गात सांगत आलो. गेल्या चैत्रात ते एका निराळ्याच ठिकाणी निघाले. जवळच्या एका देवळाच्या जीर्णोद्धाराची बैठक होती. दीपमाळेशी दोन जुने खुरचाफे होते. नव्या मंडपासाठी त्यांतला एक वाटेत येत होता. तेवढ्यात माझाच एक जुना विद्यार्थी उठला. “गुरुजी, हे झाड मेक्सिकोचे, असे तुम्हीच शिकवलेत. मग परके झाड देवाच्या दारात कशाला? दोन्ही काढू आणि सोनचाफा लावू.”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटले, “मेक्सिकोचे आहे, यात शंका नाही. पण आज एकादशी. सकाळी काय खाल्लेस?”

“साबुदाण्याची खिचडी.”

“तिच्यातला साबुदाणा ज्या कंदाचा होतो, तो कंद अमेरिकेचा. बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची, तीही तिकडचीच. तुझा उपास मोडला की राहिला?”

लोक हसले, तो हसला नाही. हसण्याने प्रश्न सुटत नाहीत, हे मलाही कळत होते. मग कोपऱ्यातला म्हातारा गुरव पुढे आला. इतिहास-भूगोलात तो शिरलाच नाही. “माझा आजा, माझा बाप आणि मी या फुलांनी पूजा करीत आलो,” एवढेच तो म्हणाला. “उद्या परडीत काय घालू, तेवढे सांगा.” सोनचाफ्याच्या रोपाला फूल यायला वर्षे लागतात, हे बैठकीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

एक झाड राहिले, एक गेले. मंडपाच्या वाटेतले तोडले, त्या दिवशी मी शाळेची पोरे घेऊन तिथे गेलो. चिकाने सर्वांचे सदरे खराब झाले आणि घरी बोलणी बसली. हातभर लांबीच्या बेचाळीस काठ्या निघाल्या. त्या आमच्या पडवीत सुकत घातल्या आणि मृगाच्या तोंडावर वाटून टाकल्या. एक काठी तो विद्यार्थीही घेऊन गेला. “मोगऱ्याचे दाबकलम मिळेल का? आई विचारत होती,” असे त्याने जाता जाता विचारले. मी दोन दिली.