आडनावातील गाव : बेने इस्राएल कुळे, स्थलांतर आणि ठाणे

प्रस्तावना

आग्नेय चीनमधील कुलसंघटनेची मीमांसा मॉरिस फ्रीडमन या मानववंशशास्त्रज्ञाने १९५८ साली प्रसिद्ध केली. सामाईक जमीन, पूर्वजमंदिर आणि पितृवंशाची लेखी नोंद हे तेथील कुळाचे आधार होते. परदेशी गेलेला पुरुष गावी पैसा धाडी आणि वंशग्रंथात त्याचे स्थान कायम राही. पैसा व खुशाली एकत्र वाहून नेणारी ही पत्रे २०१३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतींच्या नोंदवहीत समाविष्ट झाली. आपल्याकडे वंशग्रंथाशी तुलना करावी असा प्रकार म्हणजे कुलवृत्तांत होय. परंतु असा ग्रंथ हाताशी नसताना ज्यांना परदेशात आपल्या कुळाची कसोटी द्यावी लागली, अशा कोकणातील बेने इस्राएल समाजाचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

गावावरून कूळ

परंपरेनुसार या समाजाचे पूर्वज अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले आणि सात पुरुष व सात स्त्रिया बचावल्या. कोलाबा जिल्ह्यात (आजच्या रायगडात) तेल गाळण्याचा व्यवसाय करणारे व शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे लोक ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेले. वसतीच्या गावांवरून नवगावकर, रोहेकर, पेणकर, केहीमकर, अष्टमकर अशी आडनावे रूढ झाली. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर यांचा १८९७ मध्ये सिद्ध झालेला ग्रंथ १९३७ साली तेल अवीव येथे प्रकाशित झाला. तो समग्र समाजाचा इतिहास आहे, एकेका घराण्याची वंशावळ नव्हे. घराण्याचे मूळ सांगण्याचे काम प्रामुख्याने आडनावच करी.

अठराव्या शतकापासून लष्करी व इतर नोकरीच्या निमित्ताने ही कुटुंबे मुंबईकडे सरकली. सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग उभारले. १८५३ साली रेल्वे ठाण्यापर्यंत आणि १८५४ मध्ये कल्याणपर्यंत आली. ठाण्यात १८७९ साली ‘शआर हशामाईम’ म्हणजे ‘स्वर्गद्वार’ हे सिनेगॉग बांधले गेले. निरनिराळ्या गावांची आडनावे धारण करणारी कुटुंबे येथे एका छताखाली आली. चिनी पूर्वजमंदिर एका कुळाचे असे. ठाण्याचे सिनेगॉग अनेक कुळांचे झाले.

वंशाची कसोटी

१९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाले. त्या वेळी भारतात सुमारे २०,००० असलेल्या या समाजातील बहुसंख्य लोक पुढील दशकांत तेथे गेले. चिनी स्थलांतरिताच्या दृष्टीने मूळ मागे होते आणि परदेश ही कमाईची जागा होती. बेने इस्राएलांच्या बाबतीत मात्र परदेश हीच पूर्वजांची भूमी मानली गेली. त्यामुळे त्यांचे जाणे हे धर्मदृष्ट्या ‘परतणे’ होते.

तेथेच त्यांच्या वंशाविषयी शंका उपस्थित झाली. मुख्य धर्मपीठाने १९६१ मध्ये बेने इस्राएलांशी विवाह तत्त्वतः मान्य केले. परंतु १९६२ च्या निर्देशांनुसार इच्छुकाची आई, आजी आणि त्यापूर्वीच्या पिढ्या यांची शक्य तितक्या मागेपर्यंत चौकशी करणे विवाहनोंदणी अधिकाऱ्यांना आवश्यक ठरले. येथील विसंगती लक्षणीय आहे. आडनाव पित्याकडून येत होते, तर पुरावा मातृवंशाचा मागितला जात होता. रोहेकर या नावातून रोहे कळे. पणजीचे माहेर कळत नसे. शिवाय शुद्धतेची ही कल्पना समाजाला सर्वस्वी परकीही नव्हती. ‘गोरा’ व ‘काळा’ इस्राएल असा वंशाधारित भेद त्याने कोकणात स्वतःच पाळला होता. आता तोच प्रश्न संपूर्ण समाजाला विचारला जात होता.

तीव्र आंदोलनानंतर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू असल्याचे घोषित केले आणि धर्मपीठाने निर्देशातील समाजाचा नामोल्लेख वगळला. म्हणजे प्रश्न वंशावळ सापडल्याने सुटला नाही. तो सामूहिक मान्यतेने सुटला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात ज्यू व भारतीय असे दोन्ही वंशांश आढळले. परंतु त्यापूर्वीच अर्धशतक समाजाने आपला हक्क मिळविला होता.

परतीचे धागे

लोद, रामला, अश्दोद, दिमोना येथे स्थायिक झालेल्यांनी मराठी टाकली नाही. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक इस्राएलमधून निघाले. पोहे, नारळ, साखर व फळे यांचा मलिदा करून एलियाहू हनाबीचे स्मरण करण्याची कोकणी रीत तेथेही चालू राहिली. अलिबागजवळील खंडाळे येथील खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा आहेत, अशी श्रद्धा आहे. भारतात येणारे स्थलांतरित नवगावच्या स्मारकाप्रमाणे या स्थळाचेही दर्शन घेतात. भारतात उरलेला समाज मात्र खेड्यांत विरळ होऊन मुख्यतः मुंबई-ठाणे परिसरात एकवटला आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजास अल्पसंख्याक दर्जा दिला.

निष्कर्ष

चिनी कुळाने आपले परदेशस्थ ग्रंथ, मंदिर आणि जमीन यांच्या आधारे बांधून ठेवले. बेने इस्राएलांना नाव, विधी आणि भाषा यांनी बांधून ठेवले. अश्दोदमधील नवगावकर पूर्वजांच्या भूमीत राहतो आणि आडनावात दुसऱ्या पूर्वजभूमीचे गाव वागवतो. यांपैकी एकालाच ‘मूळ’ ठरविणे इतिहासाला धरून होणार नाही. तथापि नाव वंशाची दिशा दाखविते, तपशील देत नाही. १९६२ च्या चौकशीने ही उणीव उघड केली. विवाह, माहेर आणि स्थलांतर यांच्या आठवणी, विशेषतः स्त्रियांच्या, ज्येष्ठ पिढीबरोबर लोप पावतील. ठाणे-कल्याण परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी त्यांचे मौखिक संकलन हाती घेतल्यास पितृनामांनी झाकलेला या कुळांचा अर्धा इतिहास लिहिता येईल.