ॲमस्टरडॅम सायकलींचे शहर कसे झाले?

वाहतूक अभियांत्रिकीच्या तासाला ॲमस्टरडॅमची छायाचित्रे दाखवली की विद्यार्थी हमखास म्हणतात, "सर, तिथली माणसेच सायकलप्रेमी, जमीनही सपाट. आपल्याकडे हे कसे जमणार?" इतिहास मात्र वेगळे सांगतो. जमीन तेव्हाही सपाटच होती, तरी १९७० च्या सुमारास हे शहर मोटारींच्या ताब्यात जात होते.

१. पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धापूर्वी येथे सायकल हेच सर्वसामान्यांचे वाहन होते. युद्धानंतर उत्पन्न वाढले, मोटारी वाढल्या आणि चौकांचे वाहनतळ झाले. १९६७ मध्ये डेव्हिड योकिनेन या अमेरिकी तज्ज्ञाने शहराच्या मध्यापर्यंत सहापदरी महामार्ग आणण्याची योजना मांडली. त्यासाठी कालवा बुजवावा लागणार होता आणि कामगारांच्या वस्त्या पाडाव्या लागणार होत्या. ही योजना प्रत्यक्षात आली नाही.

२. कलाटणी

१९७१ या एकाच वर्षी नेदरलँड्समध्ये रस्ते अपघातांत सुमारे ३,३०० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. त्यांतलीच एक मुलगी व्हिक लांगेनहॉफ या पत्रकाराची. १९७२ मध्ये त्याने 'बालहत्या थांबवा' अशा मथळ्याचा लेख लिहिला आणि त्याच नावाने पालकांची चळवळ उभी राहिली. अपघाताला 'हत्या' म्हणण्यात मोठा अर्थ होता. दोष मुलांच्या निष्काळजीपणाचा नसून रस्त्याच्या रचनेचा आहे, हे त्यातून ठामपणे मांडले गेले.

पुढे १९७३ चे तेलसंकट आले. ४ नोव्हेंबरपासून काही रविवार मोटारी बंद ठेवण्यात आल्या. मोकळे रस्ते कसे असतात, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. १९७५ मध्ये सायकलस्वारांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

३. बदलाची साधने

१९७८ च्या निवडणुकीनंतर नगरपरिषदेचे धोरण बदलले. मुख्य रस्त्यांवर स्वतंत्र सायकल मार्ग बांधले गेले. जेथे वेग कमी तेथे मिश्र वाहतूक आणि जेथे वेग जास्त तेथे वेगळा मार्ग, हे तत्त्व रुजले. डेल्फ्ट शहरात सुरू झालेल्या, पादचाऱ्याला प्राधान्य देणाऱ्या निवासी गल्लीच्या कल्पनेला १९७६ मध्ये कायद्याची मान्यता मिळाली. १९९२ च्या सार्वमतात मध्यवर्ती भागातील मोटारी कमी करण्याच्या बाजूने निसटते बहुमत झाले. डिसेंबर २०२३ पासून शहरातील बहुतेक रस्त्यांवर ताशी ३० कि.मी. ही वेगमर्यादा आहे.

४. निष्कर्ष

हा बदल एका आराखड्याने झाला नाही. त्याला सुमारे पन्नास वर्षे लागली, आणि दरवेळी विरोधही झाला. रस्त्याची रुंदी मर्यादित असते. ती कोणाला किती द्यायची, हा गणिताआधी निवडीचा प्रश्न आहे. ती निवड अभियंत्याच्या रेखाचित्रात उतरते, म्हणून आपली जबाबदारी मोठी.

स्वाध्याय : आपल्या महाविद्यालयासमोरील रस्त्याचा छेद काढा. दहा वर्षांचे मूल तेथून सायकलने एकटे जाऊ शकेल का? नसल्यास कोणता बदल कराल, ते कारणांसह लिहा.