रशिया-युक्रेन वायुवाद : दर बाजाराचा की राजकारणाचा?

खनिज तेल जहाजात भरून कोणत्याही बंदराकडे वळवता येते. वाहिनीतून जाणाऱ्या नैसर्गिक वायूचे तसे नाही. वाहिनी ज्या देशांना जोडते, त्यांना परस्परांशीच व्यवहार करावा लागतो. त्यामुळे वायूचा दर अनेकदा बाजारापेक्षा शेजाऱ्यांच्या संबंधांवर ठरतो. रशिया आणि युक्रेन यांच्यातील वाद हे त्याचे ठळक उदाहरण होय.

सोव्हिएत संघाच्या १९९१ मधील विघटनानंतर वायूचे प्रचंड साठे रशियाकडे राहिले, तर युरोपकडे जाणाऱ्या प्रमुख वाहिन्या युक्रेनच्या भूमीत. एकाला स्वस्त वायू हवा होता, दुसऱ्याला वाट. २००५ मध्ये युक्रेनला हजार घनमीटरमागे ५० डॉलर दराने वायू मिळत असे. त्याआधीच्या वर्षी तेथे 'नारिंगी क्रांती' होऊन पाश्चात्त्यांकडे झुकलेले सरकार आले होते. रशियाच्या 'गाझप्रॉम' कंपनीने २३० डॉलरची मागणी केली आणि ती अमान्य होताच १ जानेवारी २००६ रोजी पुरवठा तोडला. अखेर मध्य आशियातील स्वस्त वायू मिसळून ९५ डॉलरवर तडजोड झाली.

जानेवारी २००९ मध्ये दर आणि थकबाकीवरून वाद पुन्हा पेटला. युक्रेनमार्गे युरोपला जाणारा वायू सुमारे दोन आठवडे बंद राहिला. ऐन थंडीत बल्गेरिया व स्लोव्हाकियाला त्याची झळ बसली. त्यानंतर तेलाच्या दराशी निगडित असा दहा वर्षांचा करार झाला. तो करणाऱ्या तत्कालीन पंतप्रधान युलिया तिमोशेन्को यांना २०११ मध्ये याच प्रकरणी सात वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

दरम्यान, २०१० मध्ये सेव्हास्तोपोल येथील रशियन नौदलतळाची मुदत वाढवण्याच्या बदल्यात युक्रेनने दरात सवलत मिळवली. २०१४ मध्ये क्रिमिया ताब्यात घेतल्यावर रशियाने ती रद्द केली. डिसेंबर २०१३ मध्ये २६८.५ डॉलर ठरलेला दर एप्रिल २०१४ मध्ये ४८५ डॉलरवर गेला.

नोव्हेंबर २०१५ पासून युक्रेनने रशियाकडून थेट खरेदी थांबवली आणि युरोपातून वायू घेणे पसंत केले. त्यात मूळच्या रशियन वायूचाही समावेश होता. २०२२ मध्ये युद्ध भडकल्यावरही युरोपकडे जाणारा प्रवाह चालूच होता. १ जानेवारी २०२५ रोजी वाहतूक करार संपला आणि तोही थांबला. रशियाने एक बाजारपेठ गमावली, युक्रेनने वाहतूक शुल्क.