गळ्याशी आलेला इतिहास

वसई-विरारकडच्या माणसाला थंडी वाजते हे मुंबईकराला पटत नाही, आणि पुणेकराला तर ते पटवून घ्यायचंच नसतं. त्यांना माझं एकच सांगणं आहे. डिसेंबरात एकदा पहाटेच्या विरार लोकलच्या दारात उभे राहा. नायगाव-भाईंदरच्या मधल्या खाडीवरचा वारा एकदा का मानेत शिरला, की तो थेट चर्चगेटलाच उतरतो.

म्हणून दिवाळीचा फराळ संपला की आमच्या घरात क्रोशाची सुई बाहेर निघते. आमची ही बिल्डिंगमधल्या पोरांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी गळपट्टे विणते. मफलर नव्हे हं! मफलरला दोन टोकं असतात. पोरांची टोकं घसरगुंडीत अडकतात आणि म्हाताऱ्यांची चहात बुडतात. हिचा गळपट्टा गोल. सत्तर-ऐंशी साखळ्या घालायच्या, टोकं जोडायची आणि वर खांबांच्या फेऱ्या चढवत जायच्या. खांबांतही प्रकार आहेत. एक मुका खांब, एक अर्धा खांब. दोन्ही प्रकार मी आमच्या शाखेतही पाहिले आहेत. लोकर म्हणून जी दुकानात मिळते ती बहुधा अ‍ॅक्रिलिक असते, त्यामुळे मेंढीचा या व्यवहाराशी संबंध फक्त नावापुरता.

शेजारचे आजोबा या गळपट्ट्यांचे जुने खातेदार. दरवर्षी नवा घेतात आणि दरवर्षी तेच सांगतात, "ही कला पोर्तुगीजांची बरं का! किल्ल्यात त्यांच्या बायका हेच विणत बसायच्या."

आमच्याकडे ज्या वस्तूचा बाप सापडत नाही ती पोर्तुगीजांच्या नावावर टाकायची पद्धत आहे. त्यात तथ्यही आहे म्हणा. फीत त्यांची, इस्त्री त्यांची, चावी आणि घमेलंही त्यांचंच. पगार हा शब्दसुद्धा त्यांनीच दिला, नुसता शब्दच. पण मी पडलो कॉमर्सचा माणूस. नोंद दिसली की आधी तारीख बघायची! वसई गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेली 1534 साली आणि चिमाजी अप्पांनी ती घेतली 1739 च्या मे महिन्यात. आणि क्रोशाचे छापील नमुने पहिल्यांदा सापडतात ते 'पेनेलोपे' नावाच्या एका डच मासिकात, 1823 साली. खातं बंद झाल्यावर चौऱ्याऐंशी वर्षांनी त्यात रक्कम जमा दाखवायची म्हणजे ऑडिटरला घरी जेवायलाच बोलावणं.

खरी गंमत पुढेच आहे. गुजरात-कच्छकडचे मोची कारागीर चामड्याच्या आरीसारख्या आकड्याने कापडावर साखळी टाका भरत. हे भरतकाम सतराव्या शतकातच जहाजांतून युरोपात जात होतं. अठराव्या शतकात तिकडच्या बायका गोल चौकटीवर कापड ताणून आकड्याने तसाच टाका भरू लागल्या आणि पुढे कुणीतरी खालचं कापडच काढून टाकलं. उरला नुसता टाका, तोच क्रोशा, असं काही अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे मुद्दल आमच्याच शेजारून गेलं आणि मिशनच्या शाळांमधल्या शिवणाच्या तासांतून व्याजासकट परत आलं.

मधल्या काळात त्या व्याजावर माणसं जगली, अक्षरशः. आयर्लंडमध्ये 1845 साली बटाट्यावर रोग पडला आणि दुष्काळ सुरू झाला. तेव्हा तिथल्या नन्सनी गरीब घरांतल्या पोरीबाळींना क्रोशाची लेस शिकवली. एक आकडा, एक रीळ. भांडवल म्हणून दुसरं काही लागत नाही. बटाट्याने दगा दिलेल्या कितीतरी घरांची चूल या लेसवर पेटली. (बटाटा हा शब्दही पोर्तुगीजांचाच. आजोबांना एवढं समाधान पुरे आहे.)

विक्टोरिया राणीचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध चालू असताना 1900 साली, ऐंशीच्या घरातल्या या बाईने स्वतःच्या हातांनी आठ मफलर क्रोशाने विणले आणि शूर शिपायांना द्यायला पाठवले. चार ब्रिटनच्या सैनिकांना, चार वसाहतींमधून आलेल्यांना. लोकर खाकी रंगाची, आणि खाकी हा शब्द आपल्याकडचा. कोपऱ्यावर व्ही. आर. आय. अशी अक्षरं. त्यातला 'आय' म्हणजे सम्राज्ञी, तोही हिंदुस्थानच्या जिवावरचा. मफलर मात्र एकही इकडे आला नाही. आमच्या हिला हे सांगितलं तर म्हणाली, "आठच? नोकरचाकर असून?"

हिचं म्हणणं रास्त आहे, कारण हिचं विणकाम गाडीत चालतं. विरारहून मुंबईला लोकल निघाली ती 12 एप्रिल 1867 रोजी. बायकांसाठी अख्खी वेगळी गाडी मिळायला मात्र 1992 चा मे उजाडावा लागला, आणि तीही बोरिवलीपर्यंतच. विरारला ती पोचली 1993 साली. दिवसभरात बाईमाणसाला खरोखर बसायला मिळतं ते विरारला खिडकी पकडल्यावरच. तिथे दोन सुयांचं विणकाम कामाचं नाही. सुईवर शंभर टाके उघडे, एक धक्का बसला की ओळ घसरली. क्रोशात उघडा फंदा एकच. स्टेशन आलं की तो थोडा ओढून मोठा करायचा, पिशवीत टाकायचं आणि उतरायचं. स्वेटर विणणारी यंत्रं कधीचीच आली. खरा क्रोशा अजून हातानेच होतो.

डब्यातल्या बायका माप इंचांत सांगत नाहीत, स्टेशनांत सांगतात. बाळाची एक फेरी विरार ते नालासोपारा. मोठ्या माणसाची वसई रोड ओलांडून जाते, आणि पोलिसखात्यातला जावई असेल तर भाईंदर.

आजोबांची फेरी इतकी वर्षं नायगावला संपायची. यंदा वसई रोडलाच संपते. हिने दहा साखळ्या कमी घातल्या आहेत. मागच्या वर्षीचा गळपट्टा त्यांच्या मानेवर फिरायला लागला होता, ते हिने जिन्यात पाहिलं. त्यांना काही बोललेली नाही. लोकर कमी पडली, असं सांगायचं ठरलं आहे.